तांब्याचं फेनतरण आणि सामू : प्रयोगशाळेत पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतलेल्या कुणालाही सामू हा शब्द नवा नाही. द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार तर फवारणीच्या टाकीतल्या पाण्याचा सामू बघितल्याशिवाय औषध मिसळत नाहीत, कारण तो चुकला तर महागाचं औषध पानावर पोचण्याआधीच निकामी होतं. खनिजं वेगळी करण्याच्या फेनतरण पद्धतीतही हेच आहे, उलट जास्त कडकपणे. प्लांटमध्ये त्याला सगळे ‘पीएच’ म्हणतात, पण मोजायचं तेच : पाणी किती आम्लधर्मी, किती अल्कधर्मी.

विदर्भातल्या बऱ्याच मुलामुलींचा या विषयाशी नोकरीच्या पहिल्या वर्षातच संबंध येतो. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळाही नागपुरातच. गोंदियाची हद्द ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो, आणि तिथे मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची मोठी खाण आहे. म्हणून मी उदाहरण तांब्याच्या धातुकाचं घेतो. त्यात कॅल्कोपायराइट म्हणजे आपल्याला हवं असलेलं तांब्याचं सल्फाइड, पायराइट म्हणजे नको असलेलं लोखंडाचं सल्फाइड, आणि बाकी क्वार्ट्झसारखी मृदा अशुद्धी. हा लेख समोर ठेवून एक किलो धातुकावर वेगवेगळ्या सामूला चाचणी घेता यावी आणि आकड्यांचा अर्थ लागावा, एवढंच मला साधायचं आहे.

बुडबुड्याला काय चिकटतं, आणि का

दहावीच्या पुस्तकातली फेनतरण पद्धत आठवा. धातुक बारीक दळायचं, पाण्यात ढवळायचं, पाइन तेल घालून हवा सोडायची. जलविरोधी कण बुडबुड्याला चिकटून वर फेसात येतात, जलस्नेही कण ओले होऊन खाली राहतात. पुस्तक इथे थांबतं. प्रत्यक्षात आपण खनिजाला हवं तेव्हा जलविरोधी बनवतो, आणि त्यासाठी कलेक्टर, म्हणजे खनिजाला धरणारं रसायन, वापरतो. सल्फाइडसाठी तो बहुधा झँथेट असतो. झँथेटच्या रेणूचं एक टोक खनिजाला धरतं, दुसरं तेलकट टोक पाण्याकडे पाठ फिरवून राहतं. एवढ्यानं कण बुडबुड्याला चिकटायला तयार होतो.

अडचण अशी की झँथेटला पायराइटही आवडतं. दोन्ही सल्फाइडं एकदम वर आली तर कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे फेसातून गोळा केलेल्या मालात, लोखंड आणि गंधक भरमसाट होतं, वाहतुकीचा खर्च वाढतो, आणि वितळभट्टीवाले भाव पाडतात. इथे सामू कामाला येतो.

चुना घालून पाणी अल्कधर्मी केलं की त्यात हायड्रॉक्सिल आयन वाढतात. खनिजाच्या पृष्ठभागावरच्या ज्या जागेवर झँथेट बसणार, त्याच जागेवर हायड्रॉक्सिलचाही डोळा असतो. एसटी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे आहे. हायड्रॉक्सिल पुरेसे झाले की पायराइटवरच्या जागा तेच धरतात, पृष्ठभागावर लोखंडाचं हायड्रॉक्साइड तयार होतं आणि झँथेटला बसायला जागाच उरत नाही. कॅल्कोपायराइटवर मात्र झँथेटची पकड घट्ट असते, त्याला उठवायला कितीतरी जास्त हायड्रॉक्सिल लागतात. या दोन खनिजांच्या सहनशक्तीमधल्या फटीतच आपलं सगळं काम चालतं.

ती फट किती रुंद, हे ऑस्ट्रेलियातल्या वॉर्क आणि कॉक्स या शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात मोजून ठेवलं. लिटरला २५ मिलिग्रॅम पोटॅशियम इथिल झँथेट असताना कोणत्या सामूच्या वर बुडबुडा खनिजाला चिकटेनासा होतो, ते त्यांनी पाहिलं. पायऱ्होटाइट आणि आर्सेनोपायराइट या लोखंडाच्या इतर सल्फाइडांना तो सामू ६.० आणि ८.४, गॅलेना या शिशाच्या सल्फाइडला १०.४, पायराइटला १०.५, कॅल्कोपायराइटला ११.८. हे आकडे पाठ करा, पण त्यांना देववाणी समजू नका. ते स्वच्छ खनिजावरचे आणि ठरावीक झँथेटचे आहेत. झँथेट वाढवलं की ते वर सरकतात, कारण प्रश्न दोघांच्या प्रमाणाचा आहे. म्हणूनच कलेक्टर सढळ हातानं ओतणारा माणूस स्वतःच्याच चुन्याचं काम बिघडवतो.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नव्या माणसाच्या बहुतेक चुका इथेच होतात.

मीटर जुळवायला ठरावीक सामूचं द्रावण लागतं. त्यासाठी बाजारात बफरच्या गोळ्या ४, ७ आणि ९.२ अशा सहज मिळतात. आपलं काम १० ते १२च्या दरम्यान. तेव्हा ४ आणि ७ वर मीटर लावून ११चं वाचन घेणं म्हणजे पायरीवर उभं राहून छताची उंची सांगणं. ७ आणि ९.२ वर लावा. मग एक खात्री करून घ्या : ताजा चुना पाण्यात भरपूर ढवळा, झाकून ठेवा, वरची चुन्याची निवळी काढा. २५ अंश तापमानाला तिचा सामू १२.४च्या आसपास यायला हवा. मीटर ११.८ दाखवत असेल तर इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडणारी मीटरची कांडी, आजारी आहे.

तापमानाचं लक्षात ठेवा. तीच निवळी ४० अंशांना सुमारे १२ दाखवते, आणि तो मीटरचा दोष नव्हे. पाणी तापलं की चुना कमी विरघळतो आणि पाण्याचं स्वतःचं विघटनही बदलतं. मे महिन्यात नागपुरात टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, तेव्हा जानेवारीतल्या वहीशी तुलना करताना तापमानाचा रकाना आधी बघा.

इलेक्ट्रोडच्या काचेच्या गोळ्यावर चुन्याची पांढरी पुटं बसतात. एका प्लांटमध्ये रात्रपाळीला असताना मला हे चांगलंच कळलं. पडद्यावर आकडा ११.२, आणि तो तासभर जागचा हलला नाही. मला त्याचं समाधान वाटत होतं. फेस मात्र फिकट पितळी होत चालला होता, आणि पहाटे आलेल्या नमुन्यात तांब्याचा टक्का घसरलेला. पाळीतल्या एका अनुभवी ऑपरेटरनं काही न बोलता खिशातून पीएच पेपरची पट्टी काढली आणि पल्पमध्ये, म्हणजे धातुक-पाण्याच्या काल्यात, बुडवली. पट्टी १०च्या खालचा रंग दाखवत होती. इलेक्ट्रोड बाहेर काढला तर टोकावर खडूसारखा थर. मीटर पुटाच्या आतलं साचलेलं पाणी मोजत होता. त्या रात्रीनंतर मी दर दोन तासांनी पट्टी बुडवतो, मीटर कितीही नवा असो. आणि एक गोष्ट पक्की धरली आहे : चालू पल्पमध्ये जो आकडा अजिबात हलत नाही, तो संशयास्पद.

पुटं काढायला इलेक्ट्रोड पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात दोन-तीन मिनिटं बुडवा, स्वच्छ पाण्यानं धुवा, आणि काम नसताना ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, इलेक्ट्रोड लवकर मरतो. आणि हे आम्लाचं काम झँथेटच्या टेबलापासून दूर करा. त्याचं कारण पुढे येतं.

एक किलोची चाचणी

प्रयोगशाळेतल्या अडीच लिटरच्या फेनतरण सेलला (भांड्याला) एक किलो धातुक बरोबर बसतं. त्यासोबत साधारण २.१ लिटर पाणी, म्हणजे वजनानं ३२ टक्के घन. पाणी कोणतं, हे लिहून ठेवा. नळाचं, बोअरचं आणि टेलिंग (फेसात न आलेला, खाली राहिलेला माल) साठवतात त्या टेलिंग पाँडवरून परत आलेलं पाणी ही तीन वेगवेगळी रसायनं आहेत. परत आलेल्या पाण्यात आधीचा चुना आणि उरलेलं झँथेट दोन्ही असतं.

चुना न घालता पहिला घाणा दळून घ्या आणि पल्पचा मूळ सामू मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ताजं धातुक असेल तर ७-८च्या आसपास येईल. पण महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेलं, पावसानं भिजलेलं धातुक असेल तर पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन पाणी आम्लधर्मी झालेलं असतं. अशा मालाला ११पर्यंत आणायला चुना कितीतरी जास्त लागतो, आणि पाण्यात विरघळलेलं तांबं-लोखंड वेगळा त्रास देतं. मूळ सामू माहीत असेल तर पुढचं आश्चर्य टळतं.

आता खरी चाचणी. चुना गिरणीतच घाला, दळणाबरोबर. दळताना खनिजाचे ताजे पृष्ठभाग उघडे पडतात आणि त्याच क्षणी त्यांना योग्य सामूचं पाणी मिळायला हवं. १० टक्क्यांचं चुन्याचं दूध करून ठेवा. दर वेळी बाटली हलवूनच मोजा, नाहीतर वरचं पाणी जाईल आणि चुना तळाशी राहील.

दळलेला पल्प सेलमध्ये ओता, ढवळणी सुरू करा, हवा बंद ठेवा. सामू बघा, थोडा चुना घाला, आणि थांबा. पाच मिनिटं तरी. पहिल्या मिनिटाला ११ दाखवलेला पल्प पाचव्या मिनिटाला १०.६वर उतरलेला दिसेल, कारण सल्फाइडं अल्क खात राहतात. पुन्हा वर आणा. दोन मिनिटं तो टिकला की मगच कलेक्टरची बाटली उचला.

हा क्रम मोडू नका. आधी झँथेट घालून नंतर चुना ओतला, तर पायराइटनं झँथेट धरलेलं असतं आणि बसलेल्या माणसाला उठवणं हे जागा धरण्यापेक्षा नेहमीच अवघड. त्या चाचणीचे आकडे सामूबद्दल काहीच सांगत नाहीत.

झँथेट टनाला ३० ग्रॅम घ्यायचं ठरवलं, तर एक किलोला ३० मिलिग्रॅम. १ टक्क्याच्या द्रावणात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ३ मिलिलिटर. द्रावण रोज सकाळी ताजं करा. काल उरलेलं वापरू नका. तीन मिनिटं ढवळा, मग पाइन तेल किंवा दुसरा फ्रॉदर (फेस करणारं रसायन) मोजून एक-दोन थेंब, आणखी एक मिनिट, आणि हवा सोडा. थेंब मोजायच्या सिरिंजचं दहा थेंबांचं वजन आधी करून ठेवलं असेल तर पुढे ‘अंदाजे’ लिहावं लागत नाही.

दर १५ सेकंदांनी फेस ओढा, आठ ते दहा मिनिटं. सेलची पातळी खाली जाते, ती भरायला साधं पाणी वापराल तर सामू घसरेल. त्याच सामूला आणलेलं चुन्याचं पाणी बाजूला तयार ठेवा. चाचणी संपली की शेवटचा सामूही लिहा. सुरुवातीचा ११ आणि शेवटचा १०.३ असेल, तर ती ११ची चाचणी नव्हे.

फेस ओढताना थोडासा काचेच्या बशीत घ्या, पाणी घालून हलकेच गोल फिरवा. जड कण मागे राहून शेपटी तयार होते. खिडकीच्या उजेडात कॅल्कोपायराइट गडद पितळी, हिरवट झाक असलेलं दिसतं. पायराइट फिकट, जवळजवळ रुपेरी पिवळं. आठ-दहा चाचण्यांनंतर डोळा बसतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी तुम्हाला अंदाज आलेला असतो.

आकडे वाचताना

हीच चाचणी ८, ९, १०, ११ आणि १२ सामूला करा. दुसरं काहीही बदलू नका : दळण तेच, झँथेट तेच, वेळ तोच. चुना सोडून बाकी सगळं जागच्या जागी राहिलं तरच फरकाचं श्रेय सामूला देता येतं.

समजा फीडमध्ये, म्हणजे मूळ धातुकात, तांबं १ टक्का, कॉन्सन्ट्रेटमध्ये १० टक्के, टेलिंगमध्ये ०.१ टक्का आलं. फीडमधून टेलिंग वजा करा : ०.९. कॉन्सन्ट्रेटमधून टेलिंग वजा करा : ९.९. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की कळतं, मालाचा ९.१ टक्के भाग फेसात आला, म्हणजे किलोमागे ९१ ग्रॅम. त्याला कॉन्सन्ट्रेटच्या टक्क्यानं गुणा, फीडच्या टक्क्यानं भागा : रिकव्हरी, म्हणजे एकूण तांब्यापैकी हाती लागलेला भाग, सुमारे ९१ टक्के. सुकवलेल्या कॉन्सन्ट्रेटचं प्रत्यक्ष वजन या ९१ ग्रॅमशी जुळतं का ते बघा. खूप तफावत असेल तर आधी नमुना आणि तराजू तपासा, सिद्धांत नंतर.

फक्त तांबं मोजून पायराइटचं काय झालं ते कळत नाही. गंधकही मोजून घ्या. शुद्ध कॅल्कोपायराइटमध्ये ३४.६ टक्के तांबं आणि ३५ टक्के गंधक असतं. तेव्हा १० टक्के तांबं म्हणजे २८.९ टक्के कॅल्कोपायराइट, आणि त्याच्या वाट्याचं गंधक १०.१ टक्के. अहवालात गंधक २० टक्के आलं तर उरलेलं ९.९ टक्के पायराइटचं. पायराइटमध्ये गंधक ५३.५ टक्के, म्हणून तुमच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये जवळपास साडेअठरा टक्के पायराइट शिरलंय. धातुकात हीच दोन सल्फाइडं असतील तर हे गणित चोख बसतं.

आलेख काढला की ८-९ला तांब्याची रिकव्हरी चांगली, पण पायराइटही भरपूर, असं दिसेल. १०.५ ओलांडताना पायराइटची रेघ खाली वाकते. १२च्या जवळ तांबंही रेंगाळायला लागतं. मधला पट्टा, बहुधा १०.५ ते ११.५, तुमच्या कामाचा. जगभरातले बरेच तांब्याचे प्लांट याच पट्ट्यात चालतात.

मग सगळं १२वरच का चालवू नये, असा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. उत्तर हिशेबातच आहे. सामू एक अंकानं वाढवणं म्हणजे हायड्रॉक्सिल दहापट. नुसतं पाणी ११ला आणायला लिटरमागे सुमारे ३७ मिलिग्रॅम कळीचा विरलेला चुना पुरतो, १२ला ३७० लागतो. आपल्या एक किलोच्या चाचणीत हा फरक टनामागे साधारण ८० ग्रॅम आणि ८०० ग्रॅम असा येतो, आणि त्यात धातुक स्वतः खातं तो चुना धरलेलाच नाही. शिवाय निवळीचा सामूच १२.४, तेव्हा त्यापुढे चुना कितीही ओता, तो नुसता दगडासारखा पाइपात बसतो. धातुकात सोनं असेल तर जादा चुना त्यालाही खाली दाबतो.

आम्लाच्या बाजूला गेलं तर

फेनतरणाची सुरुवात खरं तर आम्लातच झाली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे १९००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टेलिंगच्या डोंगरांतून जस्त काढण्यासाठी गरम पाण्यात गंधकाम्ल घालत. आम्लामुळे खनिजांवर वायूचे बुडबुडे धरायचे आणि कण वर यायचे. लोखंडी यंत्रं मात्र गंजायची. १९२५मध्ये कॉर्नेलियस केलर यांनी झँथेटचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर सल्फाइडचं काम झपाट्यानं अल्काकडे वळलं.

झँथेट आम्लात टिकत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. ते तुटून कार्बन डायसल्फाइड आणि अल्कोहोल होतं. कार्बन डायसल्फाइड विषारी आणि चटकन पेट घेणारं असतं. म्हणून मघाशी आम्लाची बाटली दूर ठेवायला सांगितली. सायनाइडचं तर याहून गंभीर आहे. शिसं-जस्ताच्या कामात ते जस्त दाबायला वापरतात. सामू साडेदहाच्या खाली जाऊ लागला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटायचा धोका वाढत जातो, आणि ९.२च्या आसपास निम्मं सायनाइड त्या रूपात गेलेलं असतं. प्रशिक्षण आणि देखरेख नसताना या बाटलीला हात लावू नका. तुम्हाला कुणी ‘थोडंच आहे’ म्हणालं तरी नाही म्हणा.

तांब्यानंतर शिसं-जस्त

तांब्यावर हात बसला की राजस्थानातल्या झावर किंवा रामपुरा आगुचासारखं शिसं-जस्ताचं धातुक समजून घ्या. तिथे एकाच पल्पचा सामू दोनदा बदलावा लागतो. आधी ८ ते ९.५च्या दरम्यान गॅलेना वर काढतात आणि झिंक सल्फेट वगैरे घालून स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं सल्फाइड, खाली ठेवतात. मग त्याच टेलिंगमध्ये मोरचूद घालतात. मोरचुदातलं तांबं स्फॅलेराइटच्या पृष्ठभागावर जस्ताची जागा घेतं, आणि झँथेटला ते तांब्याच्या खनिजासारखं वाटू लागतं. यानंतर चुन्यानं सामू ११च्या आसपास नेऊन पायराइट दाबलं की जस्त वर येतं.

शिशाच्या टप्प्यात चुन्याऐवजी बऱ्याच ठिकाणी सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) वापरतात, कारण चुना गॅलेनाला थोडा दाबतो. यातून एक गोष्ट निघते जी पुस्तकात एका ओळीत असते पण हातानं करून बघण्यासारखी आहे. सामूचा आकडा सारखा असला तरी तो कशानं आणला, यानं फरक पडतो. चुन्यातलं कॅल्शियम पायराइटवर स्वतःही जाऊन बसतं. तांब्याची मालिका पूर्ण झाल्यावर उरलेल्या मालातून दोन किलो बाजूला काढा. एक किलो चुन्यानं १०.५ला, दुसरा सोडा ॲशनं १०.५ला, बाकी सगळं तेच. दोन्ही कॉन्सन्ट्रेटचं गंधक मोजा आणि वरच्या हिशेबानं पायराइट काढून शेजारी-शेजारी लिहा.